बकेट कुठे थांबवायची

2019 च्या मे महिन्यात 'जेसीबी की खुदाई'चे विनोद मोबाईलवर फिरत होते, तेव्हा मी आष्टी तालुक्यात एका ओढ्यात मशीन चालवत होतो. जेसीबी खणताना दिसला की आपल्याकडची माणसं हातातलं काम टाकून बघत उभी राहतात, असा तो विनोद. खोटं काय होतं त्यात? त्या साली बीड जिल्ह्यात दुष्काळ होता. जनावरं चारा छावणीत, रानात करण्यासारखं काही नाही. सकाळी आम्ही मशीन चालू केलं की अर्ध्या तासात काठावरच्या बाभळीखाली मंडळी जमायची. तंबाखू मळली जायची, बकेटमधून आता काय निघतंय यावर पैजा लागायच्या. एका आजोबांनी तर घरून घोंगडी आणून अंथरली होती. मला त्याचा कधी राग आला नाही. आपलं काम कुणी तासन्‌तास बसून बघावं, हे भाग्य बँकेतल्या कारकुनाच्या वाट्याला थोडंच येतं!

फक्त, बघणाऱ्याला बकेट दिसते. हात दिसत नाहीत.

माझं मशीन म्हणजे पोकलेन. साखळीवर चालणारं, वीसेक टनांचं. डाव्या लिव्हरवर मशीन गोल फिरवणं आणि आर्म, म्हणजे बकेटकडचा पुढचा दांडा; उजव्या लिव्हरवर बूम, म्हणजे मशीनमधून निघणारा मोठा दांडा, आणि बकेट. म्हणजे चार हालचाली, दोन हात, आणि त्या एकामागून एक नव्हे तर एकाच वेळी व्हायला हव्यात. नवा पोरगा आधी बूम उचलतो, मग थांबतो, मग फिरवतो, मग थांबतो, मग बकेट उघडतो. मशीन उचक्या दिल्यासारखं हलतं आणि खाली हायवा, म्हणजे मोठा डंपर, घेऊन उभा असलेला ड्रायव्हर शिव्या घालतो. सरावलेला ऑपरेटर भरलेली बकेट जमिनीतून सुटता सुटताच वळवतो आणि ती हायवाच्या फाळक्यावर पोचेपर्यंत पुरेशी उंच झालेली असते. वीस सेकंदांच्या आत एक फेरा. पाच मिनिटांत हायवा भरून रवाना. हे सगळं सहा महिन्यांत जमतं. लोकांना वाटतं हीच कला.

माझ्या उस्तादांना तसं वाटत नव्हतं. ते मूळचे जुन्नरकडचे, अंगाने किरकोळ, आणि आयुष्यात कधी घाईने लिव्हर ओढलेला मी पाहिला नाही. पहिला पूर्ण हंगाम त्यांनी मला सीटवर बसूच दिलं नाही. ग्रीस गन हातात दिली. बूमच्या मुळाशी, आर्मच्या सांध्याला, बकेटच्या पिनांना, सकाळ-संध्याकाळ ग्रीस. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबत राहायचं. पिन आणि बुश यांच्यात केसाएवढी फट पडली की बकेट हलायला लागते, आणि हलणाऱ्या बकेटीने सरळ तळ काढता येत नाही, हे मला ग्रीस भरून भरून कळलं. बकेटचे दात झिजले की बदलायचे, साखळी सैल झाली की ताणायची, होजवर तेलाचा ओलावा दिसला की फुटायची वाट बघायची नाही. आणि खाली उतरताना सेफ्टी लिव्हर. तो ओढला की हायड्रॉलिक बंद होतं, मग कुणाचा शर्टाचा कोपरा लिव्हरला अडकला तरी बूम हलत नाही. "चावी विसरलास तर मशीन चोरीला जाईल, हे विसरलास तर माणूस जाईल," असं ते म्हणायचे. त्यांची ताकीद तेवढीच.

मग सीटवर बसवलं ते गाळात. मऊ गाळ, चूक झाली तरी कुणाचं काही जाणार नाही असा. आणि सांगितलं, खणू नकोस, फक्त तळ सपाट कर. बकेट जमिनीला समांतर ठेवून आर्म स्वतःकडे ओढायचा, पण आर्म ओढला की बकेट कमानीत खाली जाते, म्हणून त्याच वेळी बूम किंचित उचलायचा, आणि बूम उचलताना बकेटचा कोन बदलतो म्हणून तोही सावरायचा. भाकरी थापताना काठाशी आल्यावर आईची बोटं आपसूक हलकी होतात तसं ते व्हायला लागतं. मला वर्ष लागलं. तोवर माझा प्रत्येक तळ लाटांचा होता आणि उस्ताद त्यावरून चालत जाऊन परत यायचे, काही बोलायचे नाहीत.

त्यांचं म्हणणं एकच. खणायला ताकद लागते आणि ती इंजिनात आहे, तुझी नाही. तुझं काम बकेट थांबवण्याचं.

*

जमीन आधी सांगते, ऐकायला यावं लागतं. आमच्याकडे वरची काळी माती हातभर, कुठे कुठे तेवढीही नाही. मग मुरूम. मऊ मुरूम बकेटीत बदाबदा पडतो. कठीण मुरमाला इंजिनाचा आवाज दबतो आणि सीटखाली थरथर येते. मग विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक, पांढरे-हिरवट ठिपके असलेला, दाताला लागला की भुगा होणारा. आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे दात घसरतात, ठिणगी उडते, वास येतो. मग बकेट काढून ब्रेकर लावायचा, नाहीतर सुरुंगवाल्याला बोलवायचं. क्वचित दोन थरांच्या मधे विटकरी लाल मातीचा पट्टा निघतो. लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग उघडा पडून कुजला, तो हा पट्टा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्यानं ती मला सांगितली तो भूजल खात्यातला तरुण पोरगा खड्ड्यात उतरून त्या लाल मातीला बोट लावून बघत होता, आणि वरून शेतकरी ओरडत होता, "साहेब, पाणी लागंल का ते सांगा आधी!"

या थरांचं महत्त्व मला जलयुक्त शिवारच्या वर्षांत कळलं. डिसेंबर 2014 मध्ये ती योजना आली आणि मराठवाड्यात पोकलेनला एवढी मागणी कधी नव्हती. नाला खोलीकरण, रुंदीकरण. मशीन रात्रीही चालायची. आमचे मालक कर्ज काढून दुसरं मशीन घेऊन आले. गावोगावी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं नाव निघायचं. तिथे सुरेश खानापूरकरांनी नाले खोल आणि रुंद करून पाणी अडवलं होतं, आणि गावकऱ्यांनी ते जाऊन पाहिलेलं असायचं. "आमच्यातबी तसंच करा. घ्या खाली." पण शिरपूरच्या बऱ्याच भागात तापीचा जाड गाळाचा थर आहे. आमच्याकडे चार हातांवर खडक. नियमात खोलीला साधारण तीन मीटरची मर्यादा होती आणि कठीण खडक लागला की थांबा असं होतं. पण नियम कागदावर असतो आणि नाल्याच्या काठावर सरपंच उभे असतात.

एका गावचं चित्र मला लख्ख आठवतं. ओढ्याचा तळ तीन मीटर झाला होता आणि बाजूच्या भिंतीतून पाणी पाझरायला लागलं. एप्रिल महिना, आणि पाणी! लोक नाचले. नारळ आणला, बकेटवर फोडला, फोटो काढले. एक म्हातारे शेतकरी मात्र खाली उतरून त्या पाझराकडे बघत राहिले. ओढ्यापासून पन्नास पावलांवर त्यांची विहीर. मला म्हणाले, "डायवर, हे पाणी नवं नाही. हे माझ्या हिरीतलं हाय." त्यांचं गणित साधं होतं. मुरूम आणि भेगाळ खडक हाच आमच्याकडचा पाण्याचा साठा. तो आडवा कापला की पाणी मोकळ्या जागेकडे निघतं. पावसाळ्यात ओढा भरला तर तेच पाणी उलट विहिरीकडे जाईल, हेही खरं. पण पावसाळा संपल्यावर? अभ्यासकांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता, प्रकरण कोर्टातही गेलं. 2020 मध्ये कॅगचा अहवाल आला, त्यात 9,633 कोटी खर्चूनही भूजल वाढायला फारसा हातभार लागला नाही, असं लिहून आलं. टीव्हीवर मग दोन बाजूंची भांडणं. मी दोन्ही बाजूंची गावं पाहिली आहेत. जिथे नुसता गाळ काढला, मुरूम उघडा केला आणि बंधारा नीट बांधला तिथे अजून पाणी आहे. जिथे तासाचा मीटर पळवण्यासाठी खणलं तिथे आता बाभळी उगवल्यात आणि शेळ्या चरतात.

कारण पैसा तासावर आहे ना. जेसीबीचा तास हजाराच्या आसपास, पोकलेनचा त्याच्या दीड-दोन पट. मशीन थांबलं की मालकाचा हप्ता थांबत नाही. मी उस्तादांकडून शिकलेलं थांबणं कुणालाच परवडणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वर रोजची खुराकी मिळायची ती मशीन चाललं तरच.

*

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल घ्यायची, दसरा-दिवाळीनंतर गाडीत बसायचं, पश्चिमेकडे कारखान्याच्या गाळपाला, आणि उन्हाळ्यात परत. माझी अर्धी शाळा आजीजवळ झाली. ही आजी 1972 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती असं मी पुढे वाचलं. आजीला आकडे ठाऊक नव्हते. तिला रेशनची लाल मिलो ज्वारी, सुकडी आणि मुकादम ठाऊक होते.

2018 च्या उन्हाळ्यात मी त्याच तलावातला गाळ काढायला गेलो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली, कारण तो गाळ म्हणजे मुरमाड रानाला सोनं. आजीला मुद्दाम मोटारसायकलवर बसवून आणलं. ती भिंतीवर चढली आणि मशीनकडे न बघता भिंतीकडेच बघत होती. मला भिंत कशी केली ते सांगायला लागली. मधे काळी माती, दोन्ही अंगांनी मुरूम. काळ्या मातीवर पाणी शिंपडायचं आणि धुमसाने कुटायचं, बायका ओळीने उभ्या राहून. ओलं कमी झालं तरी चालत नाही, जास्त झालं तरी नाही. मूठभर माती हातात दाबायची, गोळा झाला आणि बोटांना चिकटला नाही की बरोबर. पुढे मोठ्या रस्त्याच्या भरावावर प्रयोगशाळेचा माणूस मातीतला ओलावा मोजायला यायचा तेव्हा मला हे आठवायचं. त्याचं यंत्र जे सांगायचं ते आजीची मूठ सांगत होती.

मग तिने विचारलं, एक ब्रास काढायला तुला किती वेळ लागतो? ब्रास म्हणजे शंभर घनफूट. माझ्या तीन-सव्वातीन बकेटा. मी म्हणालो, एक मिनिट. ती बराच वेळ गप्प बसली. त्यांच्या वेळी खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचे, मूळ जमीन किती उंच होती ते मोजायला, आणि दोघा-तिघांचा दिवस एका ब्रासमध्ये जायचा.

"मग ती माणसं आता काय करत्यात रं?"

मी म्हणालो, ऊस तोडतात. त्यातही आता तोडणीची यंत्रं आलीत, हे तिला सांगितलं नाही.

यंत्रानं काम खाल्लं असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही आणि यंत्रानं सुटका केली म्हणणाऱ्यांशीही. आजीची कंबर पन्नाशीत गेली. आईच्या मनगटात कोयत्याची गाठ आहे. ते कष्ट पवित्र होते वगैरे भाषणं ज्यांनी केली त्यांनी टोपलं उचललेलं नसतं. पण रोजगार हमीच्या मस्टरवर माणसांची नावं आणि शिवारात रात्री जेसीबीचा दिवा, हेही मी पाहिलंय. कायद्यात कंत्राटदार नको, माणसाचं काम हिरावणारं यंत्र नको असं लिहिलेलं असताना. अशा कामाला मशीन घेऊन जायला सांगितलं की ऑपरेटरला माहीत असतं, कारण ते काम रात्रीच सांगतात.

*

उस्ताद माळीणला होते. हे मला दुसऱ्याकडून कळलं. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि आंबेगाव तालुक्यातलं ते गाव चिखलाखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. गाव जागेवर नाही हे आधी कळलं ते नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या माणसांना. आसपासच्या परिसरातली मशीनं बोलावली, त्यात उस्तादांचं होतं. मी एकदाच विचारलं. त्यांनी सांगितलं ते एवढंच: पुढे जवान उभा असायचा. त्याचा हात वर गेला की थांबायचं. दातांनी ओढायचं नाही, बकेटचा काठ टेकवून वीतभर थर सोलायचा. घराचं पत्रं लागलं की आवाज वेगळा, लाकूड लागलं की वेगळा. आणि काही लागलं की आवाजच येत नाही, म्हणून आवाज थांबला की थांबायचं. तीन महिन्यांचं बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली होती, ती बातमी त्यांनी तिथेच ऐकली. त्यानंतर आठवडाभर कुणी बकेट जोरात टेकवली नाही, म्हणाले.

माळीणच्या कारणांवर नंतर वाद झाला. कुणी पावसाकडे बोट दाखवलं, कुणी डोंगरउतारावर पडकईसाठी यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे. पडकई म्हणजे भातासाठी उतारावर केलेल्या लहान लहान पायऱ्या, पूर्वी आदिवासी कुटुंबं त्या हाताने, दगड रचून, वर्षाला थोड्या थोड्या करत. उस्तादांना मी त्याबद्दल विचारलं नाही. पण डोंगरात उतार कापायचं काम आलं की ते नाही म्हणायचे, मालक कितीही रागावला तरी. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली तेव्हा तिथे मशीन पोचूच शकलं नाही, वर रस्ताच नव्हता. लोकांनी कुदळ-फावड्यांनी उकरलं. त्या दिवशी उस्तादांना फोन केला, तर म्हणाले टीव्ही बंद करून बसलोय.

*

एवढं जड लिहिल्यावर सांगायला हरकत नाही की रोजचं काम बहुतेक बांधाबांधावरच्या भांडणाचं असतं. शेतकरी मशीन लावतो आणि म्हणतो, एवढा बांध सरळ करून द्या. सरळ म्हणजे शेजाऱ्याच्या अंगाने दीड फूट. तेवढ्यात शेजारी येऊन बकेटसमोर उभा राहतो, मागून त्याची म्हातारी येते आणि ती थेट साखळीसमोर बसते. अशा वेळी इंजिन बंद, सेफ्टी लिव्हर ओढलेला, आणि ऑपरेटर खाली झाडाखाली. मोजणी झालीय का, हद्दीचे दगड कुठे आहेत, एवढंच मी विचारतो. दगड दाखवले तर काम, नाहीतर नाही. तास वाया जातो तो कुणी द्यायचा यावर मग तिसरं भांडण.

पाइपलाइनचं तसंच. "इथं काय नाय, बिनधास्त घ्या," असं म्हणणाऱ्या माणसाच्या शेतात हमखास पाइप निघतो, आणि तो बहुधा त्याच्या भावाचा असतो. मी आता "काय नाय" ऐकलं की पहिली बकेट अर्धीच भरतो. माती एकदा खणलेली असेल तर रंग मिसळलेला दिसतो, काळ्यात मुरमाचे खडे. तिथे पाइप किंवा केबल असणारच. सांगणारा विसरतो, माती विसरत नाही.

लग्नाच्या बाजारात मात्र आमचा भाव विचित्र. पगार बरा, पण "मुलगा काय करतो?" याला "मशीनवर असतो" असं उत्तर गेलं की समोरची मंडळी चहा संपवून उठतात. जालन्याकडे समृद्धी महामार्गाच्या कामावर मी पत्र्याच्या खोलीत राहिलो, आसपास बिहार-झारखंडची पोरं. त्यांच्यातली बरीच माझ्यापेक्षा सफाईदार होती आणि पगार माझ्यापेक्षा कमी. 701 किलोमीटरचा तो रस्ता आता पूर्ण झाला, त्यावरून आमच्या गावचे लोक मुंबईला जातात. मी अजून एकदाही त्यावरून गेलेलो नाही. सवड मिळाली नाही असं म्हणतो, पण मधल्या एका टप्प्याचा भराव कुठे नीट बसला आणि कुठे घाईत झाला हे मला माहीत आहे, आणि गाडीत बसून तेच बघत बसेन.

यंदा बहिणीचा मुलगा माझ्याकडे आलाय. बारावी झाली, पुढे नको म्हणतो. मोबाईलवर मशीन चालवायचे खेळ खेळून आलाय, त्यामुळे चार हालचाली एकत्र करायला त्याला मुळीच जड जाणार नाही, हे दिसतंच. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मामा, लिव्हर कधी देणार?" ग्रीस गन हातात दिलीय. बकेटच्या डाव्या पिनेत थोडी फट आहे, ती त्याला अजून सापडलेली नाही. सापडली की दिवाळीनंतर गाळाचं एक काम आहे, त्यात बसवतो.